सोलापुरातून सूर्यावर नजर: लॅबच्या व्हीएलएफ रिसीव्हरच्या नोंदी, मार्च ते जून २०२४

१२ मार्च २०२४, मंगळवार

सरांनी आज प्रोजेक्टला हो म्हटलं. सॅटेलाइट नाही, दुर्बीण नाही, बजेट तर जवळपास नाहीच, पण सूर्यावर फ्लेअर, म्हणजे किरणांचा अचानक भडका, झाला की त्याची नोंद आपल्या लॅबमध्ये व्हायला पाहिजे एवढंच उद्दिष्ट. आणि हे खरंच होतं. जगात कितीतरी शाळा-कॉलेजं करतात, स्टॅनफर्डच्या सोलर सेंटरचं सुपरसिड नावाचं सॉफ्टवेअर त्यासाठी फुकट मिळतं.

कल्पना अशी. पाणबुड्यांशी बोलायला नौदलं व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे व्हीएलएफ वापरतात, कारण हे रेडिओ तरंग समुद्राच्या पाण्यात काही मीटर खाली उतरतात. आपल्या नौदलाचं असं स्टेशन तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ विजयनारायणमला आहे, आयएनएस कट्टबोम्मन, कॉलसाइन व्हीटीएक्स, १८.२ किलोहर्ट्झ. दुसरं ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला एक्समाउथजवळ, एनडब्ल्यूसी, १९.८ किलोहर्ट्झ आणि ताकद थेट एक मेगावॅट. सोलापूरपासून पहिलं साधारण हजार किलोमीटर, दुसरं सहा हजार. हे तरंग जमीन आणि आयनोस्फिअरचा, म्हणजे वरच्या विद्युतभारित हवेचा, सगळ्यात खालचा डी थर यांच्यामध्ये आपटत आपटत येतात, दिवसा हा थर ७० किलोमीटरच्या आसपास असतो. आता सूर्यावर फ्लेअर झाला की एक्स-रे सव्वाआठ मिनिटांत इथे पोचतात, डी थरात इलेक्ट्रॉन एकदम वाढतात, तरंग आपटायची उंची खाली येते आणि आपल्याला मिळणाऱ्या सिग्नलची ताकद बदलते. म्हणजे पाणबुडीसाठी सोडलेला सिग्नल ऐकत बसायचं, त्यातला मजकूर आपल्याला कळत नाही आणि कळायची गरजही नाही, फक्त तो किती जोरात येतोय हे रोज, सलग, दर पाच सेकंदांनी लिहीत राहायचं.

सलग हा शब्द सरांनी दोनदा उच्चारला. माझंही तेच मत आहे.

२० मार्च

अँटेना म्हणजे तारेचं वेटोळं. सुताराकडून मीटरभर बाजूची चौकोनी लाकडी चौकट करून घेतली, एनॅमल तार अक्कलकोट रोडला मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून किलोवर आणली. दुकानदाराने विचारलं कितीच्या मोटरची, सांगितलं मोटर नाही, ऑस्ट्रेलियाचं रेडिओ स्टेशन पकडायचंय, तर त्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि वेढे घालताना तार ताणून कशी धरायची म्हणजे एनॅमल सोलत नाही ते स्वतः उठून दाखवलं. तार अंगठ्याखाली सपाट दाबायची, बोटाच्या नखाने नाही, आणि कोपऱ्यावर चिंध्याचा तुकडा ठेवायचा. आमचे पन्नासेक वेढे एकावर एक न चढता बसले ते त्याच्यामुळे.

वेटोळ्याचं तोंड कुठे करायचं यावर लॅबमध्ये बराच वेळ चर्चा झाली. लूपची कड ज्या दिशेला त्या दिशेचा सिग्नल सगळ्यात जास्त येतो. व्हीटीएक्स सरळ दक्षिणेला, एनडब्ल्यूसी आग्नेयेला. शेवटी कड आग्नेयेकडे केली कारण लांबचं स्टेशन जास्त महत्त्वाचं, त्याचा रस्ता जवळजवळ सगळा हिंदी महासागरावरून येतो, आणि व्हीटीएक्स जवळचं असल्याने थोडं तिरकं पडलं तरी येईलच.

लूपमागे सिग्नल मोठा करणारा छोटा प्रीअँप, त्यातून केबल, आणि केबल कॉम्प्युटरच्या साउंड कार्डात. रेडिओ सेट वगैरे लागतच नाही. ९६ किलोहर्ट्झने सॅम्पल करणारं साउंड कार्ड असलं की ४८ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं त्यातच दिसतं.

२ एप्रिल

आवाज, आवाज, आवाज. लॅबमध्ये अँटेना ठेवली तर स्क्रीनवर ५० हर्ट्झच्या पटीतल्या रेषांचं जंगल. ट्यूबलाइटचे चोक, एलईडीचे ड्रायव्हर, यूपीएस, लॅपटॉपचे चार्जर, प्रत्येकाची स्वतःची कुरकुर. आज सीनियर ताई आणि मी अँटेना हातात धरून अख्खं कॅम्पस फिरलो, मागे एक जण बॅटरीवरचा लॅपटॉप घेऊन. गेटजवळ वाईट, कँटीनजवळ त्याहून वाईट, बोअरच्या मोटरीजवळ तर स्क्रीन नुसता पांढरा. बॉटनीच्या रोपवाटिकेमागे एक जुनी खोली आहे, अवजारं ठेवायची, तिथे गेल्यावर रेषा एकेक करून गळल्या आणि १९.८ वर एक सुबक उभा काटा शिल्लक राहिला. एनडब्ल्यूसी. तिघंही काही बोललो नाही, नुसतं बघत होतो.

खोलीची किल्ली बॉटनीच्या मामांकडे असते. त्यांना जाऊन सांगितलं, मामा, तुमच्या खोलीवर अँटेना बसवू का? ते म्हणाले बसवा की, पण पावसात गळतंय पत्र्यातनं, आधी ते बघा.

९ एप्रिल, पाडवा

सुट्टी आहे पण रेकॉर्डिंगला सुट्टी नाही. आज पहिला पूर्ण २४ तासांचा स्वच्छ ग्राफ मिळाला. ज्यांनी कधी बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो. रात्री रेषा वर असते आणि सारखी थरथरते, कारण डी थर सूर्याशिवाय टिकतच नाही आणि तरंग वर ८५-९० किलोमीटरवरून परततात. पहाटे ऑस्ट्रेलियात उजाडतं, मग उजेडाची कड समुद्रावरून आपल्याकडे सरकत येते आणि ती सरकताना रेषेत खळगे पडतात. सूर्य वर आला की रेषा शांत होते, दुपारी बाराच्या आसपास एक हलकी कमान, आणि संध्याकाळी पुन्हा खळगे. हा रोजचा पाया एकदा पक्का कळला की फ्लेअर वेगळा काढता येतो.

सगळ्या नोंदी यूटीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत, ठेवायच्या हे आजच ठरवून टाकलं. आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा. खाली मात्र मी आपलीच वेळ लिहितोय, वाचणाऱ्यांना सोपं जावं म्हणून.

२६ एप्रिल

पारा ४२ च्या पुढे. खोलीला पत्रा आहे, त्यामुळे कॉम्प्युटरला दुपारी टेबलफॅन आणि वर ओलं गोणपाट. दोन दिवस संध्याकाळी वळवाचे ढग आले होते, पाऊस चार थेंब, पण रेषेवर सुयांचं रान. विजा शेकडो किलोमीटरवर कडाडल्या तरी व्हीएलएफमध्ये लख्ख ऐकू येतात. एका ज्युनियरने विचारलं हे डेटामधून काढून टाकायचं का. नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, शेजारी रिमार्कमध्ये लिहायचं की वळीव, अमुक ते अमुक वाजता. आज जो कचरा वाटतो तो उद्या दुसऱ्या कुणाचा विषय असू शकतो.

व्हीटीएक्स मधूनच बंद असतं, तेव्हा रेषा सरळ खाली कोसळते आणि तशीच परत येते. फ्लेअरचा आकार वेगळा असतो, पटकन चढतो आणि सावकाश उतरतो. तवा जसा पटकन तापतो पण निवायला वेळ घेतो तसं. फ्लेअर ओसरला तरी वर तयार झालेले इलेक्ट्रॉन लगेच संपत नाहीत.

८ मे, बुधवार

काल मतदान होतं, अर्धी लॅब गावी. आज सकाळी १० वाजून ३९ मिनिटांनी एक्स १.० चा फ्लेअर. आमचा पहिला एक्स! रेषा तीन-चार मिनिटांत वर गेली आणि पुढे तासभर उतरत राहिली. अमेरिकेच्या गोज सॅटेलाइटचा एक्स-रे डेटा नोआ या तिथल्या सरकारी हवामान संस्थेच्या साइटवर सगळ्यांना खुला असतो, तो शेजारी लावून बघितला तर आमचं शिखर त्यांच्यापेक्षा जरासं उशिरा. तसंच यायला पाहिजे, डी थर थोडा सुस्त आहे, आणि तो किती सुस्त आहे यावरून त्या उंचीवर इलेक्ट्रॉन किती वेगाने नाहीसे होतात त्याचा अंदाज बांधता येतो. आमच्या प्रोजेक्टमधलं खरं फिजिक्स इथे आहे.

एक्स म्हणजे काय हे लॅबमध्ये नवीन आलेल्यांनी विचारलं म्हणून लिहून ठेवतो. ए, बी, सी, एम, एक्स, प्रत्येक पायरी आधीच्या दहापट. एक्स १ म्हणजे पृथ्वीपाशी दर चौरस मीटरला एका वॅटचा दहा हजारावा भाग एवढे एक्स-रे. ऐकायला काहीच नाही, पण अख्ख्या उजेडातल्या अर्ध्या पृथ्वीवरचा शॉर्टवेव्ह रेडिओ त्याने गप्प होऊ शकतो.

सगळं एकाच डागसमूहातून येतंय, १३६६४. रुंदी पृथ्वीच्या पंधरा पट. ग्रहणाचे जुने प्रमाणित चष्मे लॅबमध्ये होते, त्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसला. मामांना बोलावून दाखवला.

९ मे

दुपारी २:४३, एक्स २.२. एनडब्ल्यूसीवर छान चढण. व्हीटीएक्सवर त्याच वेळी रेषा खाली गेली! ज्युनियर पोरं घाबरली की काहीतरी तुटलं. काही तुटलेलं नाही. जवळच्या स्टेशनहून वेगवेगळ्या वाटांनी तरंग येतात, ते एकमेकांत मिसळतात, आणि आपटायची उंची बदलली की कधी बेरीज होते कधी वजाबाकी. म्हणून एकाच फ्लेअरला एक रेषा वर आणि एक खाली हे चालतं, उलट दोन्ही मिळून जास्त सांगतात.

नोआने तीव्र भूचुंबकीय वादळाचा, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा, पाच पायऱ्यांतल्या जी-४ चा, वॉच म्हणजे आगाऊ इशारा दिलाय. असा वॉच २००५ च्या जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

१० मे, शुक्रवार, अक्षय्य तृतीया

आजची नोंद मोठी होणार.

दुपारी १२ वाजून २४ मिनिटं, एक्स ३.९. आमरसाची जेवणं बहुतेकांची व्हायची होती, मी आणि ताई खोलीतच होतो कारण सकाळपासून एम क्लास चालूच होते. रेषा चढायला लागली आणि थांबेचना. आदल्या दोन्ही दिवसांपेक्षा स्पष्ट मोठी. ताईने आवाज न करता वहीत वेळ लिहिली, मग पुन्हा लिहिली, मग शिखर गेलं असं वाटल्यावर पेन ठेवलं.

आता जे लिहितोय ते हिशोब करून बघितलं म्हणून लिहितोय. सूर्य एका क्षणी पृथ्वीवरच्या एकाच जागी बरोबर डोक्यावर असतो. ६ वाजून ५४ मिनिटं यूटी, १० मे, सूर्याची क्रांती, म्हणजे तो ज्या अक्षांशावर डोक्यावर असतो तो, साधारण पावणेअठरा अंश उत्तर, आणि त्या मिनिटाला माध्यान्ह साडेपंचाहत्तर रेखांशाच्या जरा पुढे. सोलापूर साडेसतराच्या थोडं वर आणि पंचाहत्तर पूर्णांक नऊवर. म्हणजे फ्लेअरच्या शिखराला सूर्य जवळजवळ आपल्याच डोक्यावर होता! आपल्याकडे शून्य सावलीचे दिवस हेच. त्या फ्लेअरचे एक्स-रे जगात सगळ्यात सरळ कुठे पडले असतील तर ते आपल्या आसपासच्या आकाशात, आणि खाली रोपवाटिकेमागे आपली तार होती. सरांना फोन करून सांगितलं तर ते आधी गप्प, मग म्हणाले पुन्हा एकदा गणित करा आणि मला पाठवा. पुन्हा केलं. तेच आलं.

रात्री साडेदहाच्या सुमारास सौरवाऱ्याचा धक्का पृथ्वीवर आदळला. इथे एक गोष्ट नीट सांगायला पाहिजे कारण बातम्यांमध्ये सगळी सरमिसळ चाललीय. फ्लेअर म्हणजे उजेड, सव्वाआठ मिनिटांत येतो, आमची रेषा तो पकडते. वादळ आणतो तो सूर्याने फेकलेला चुंबकित प्लाझ्मा, सीएमई, त्याला यायला दीड-दोन-तीन दिवस लागतात. आजच्या दुपारच्या फ्लेअरने आजचं रात्रीचं वादळ आलेलं नाही, हे ८ तारखेपासून एकामागोमाग निघालेल्या ढगांचं आहे. आणि वादळ आमच्या रेषेत फ्लेअरसारखं ठसठशीत दिसेल अशी अपेक्षाही ठेवायची नाही, आपण विषुववृत्ताच्या फार जवळ आहोत.

११ मे

सकाळी ६:५३, एक्स ५.८. सूर्य उगवून तासच झाला होता, रेषा अजून पहाटेच्या खळग्यातून वर येत होती, त्यामुळे पाया कुठला धरायचा हा प्रश्न आहे. ८ ते १० मेच्या पहाटा एकावर एक ठेवून सरासरी पाया काढायचं ठरलंय. संध्याकाळी ५:१४ ला आणखी एक, एक्स १.५, पण तेव्हा ऑस्ट्रेलियाकडे रात्र पडली होती, अर्धा रस्ता अंधारात, म्हणून रिमार्क लिहून बाजूला ठेवला.

वादळ जी-५ ला पोचलं, २००३ नंतर पहिल्यांदा. लडाखमध्ये हानलेच्या कॅमेऱ्यांना रात्री आकाशात लाल उजेड मिळाला. घरोघरचे फोन यायला लागले, सोलापुरातून दिसेल का. नाही दिसणार. तो लाल रंग फार उंचावरच्या ऑक्सिजनचा, हानले ३२ अंशाच्या पुढे आणि वर चार हजार मीटरवर, तिथूनही डोळ्यांपेक्षा कॅमेऱ्याला बरा दिसतो.

१२ मे, रविवार

आज काम कमी, वाचन जास्त. वादळाची ताकद सांगणारा डीएसटी आकडा या वेळी उणे ४०० नॅनोटेस्लाच्या खाली गेला. आणि १८५९ च्या सप्टेंबरचं कॅरिंग्टन वादळ? त्याची विषुववृत्ताजवळची सगळ्यात महत्त्वाची नोंद मुंबईची आहे, कुलाबा वेधशाळेची. साधारण १६०० नॅनोटेस्लाची घसरण. तेव्हा आपोआप नोंद करणारं यंत्र तिथे नव्हतं, माणूस बसून डोळ्यांनी काटा वाचायचा आणि लिहायचा, तासातासाला, आणि काटा बेचैन झाला की काही मिनिटांनी. २ सप्टेंबरला तो माणूस उठून गेला नाही म्हणून आज जगाला तो आकडा माहीत आहे. २००३ मध्ये त्सुरुतानी, गोन्झालेझ, लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी त्याच वह्यांवरून त्या वादळाचं मोजमाप केलं, त्यातले लखिना आणि अ‍ॅलेक्स आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्याने काटे बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला हलवलं. इमारतीत लोखंड चालत नाही म्हणून पोरबंदरचा दगड आणून बांधली. आणि जुनी-नवी जागा काही काळ बरोबरच चालवली, का तर मालिकेत सांधा नीट बसावा. आम्ही एक अँटेना घेऊन कॅम्पस फिरलो तर दमलो होतो, त्यांनी अख्खी वेधशाळा उचलली. मला हे वाचून फार बरं वाटलं. शांत जागेसाठी धडपडणं हा आपल्याकडचा जुना धंदा आहे.

लॅबच्या वहीच्या पहिल्या पानावर कुलाब्याच्या त्या दिवसाचा आलेख चिकटवला.

१५ मे

काल सकाळी ७:३९ ला एक्स १.७, मिळाला. आणि रात्री १०:२१ ला एक्स ८.७, या सूर्यचक्रातला तोवरचा सगळ्यात मोठा, आमच्या ग्राफवर काही नाही. सूर्य पृथ्वीच्या पलीकडे. आपल्याकडे रात्री डी थरच नव्हता तर बदलणार काय. १३६६४ आता सूर्याच्या कडेवरून मागे जातोय.

यासाठीच इस्रोच्या आदित्य-एल१ सारखी सूर्य बघणारी मिशन लागतात. २ सप्टेंबर २०२३ ला उडालं, ६ जानेवारीला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ या बिंदूभोवती बसलं, तिथे रात्रच होत नाही. आमची तार आदित्यची जागा घेऊ शकत नाही, पण आदित्यला जे दिसतं त्याचा आपल्या डोक्यावरच्या हवेवर काय परिणाम झाला ते तिला कळतं. दोन्ही पाहिजेत.

२७ मे

सूर्य २७ दिवसांत फिरून येतो तसा डाग परत आला, नवीन नंबर १३६९७. येता येताच दुपारी १२:३८ ला एक्स दोनच्या वरचा फ्लेअर, पुन्हा भर दुपारी. १० मेच्या शेजारी ठेवून तुलना करायला याहून चांगलं काही मिळालं नसतं, जवळपास तीच वेळ, तोच रस्ता, ताकद वेगळी.

१० जून

इस्रोने आज मेमधल्या फ्लेअर्सची माहिती दिली. आदित्यच्या सोलेक्स आणि हेल१ओएस या उपकरणांनी एक्स-रे टिपले. पुण्याच्या आयुकात तयार झालेला सूट हा अतिनील कॅमेरा, २०० ते ४०० नॅनोमीटर, ११ फिल्टर, १०-११ मे ला बेकिंगमध्ये, म्हणजे आतली घाण घालवायला तापवत ठेवलेला, होता म्हणून तेव्हाचे फोटो नाहीत, पण १७ मेचे आहेत आणि अप्रतिम आहेत. बघत बसलो.

१४ जून

पाऊस लागला. पत्र्याला मामांनी आणि पोरांनी मिळून सीलंट मारलं, प्रीअँप प्लास्टिकच्या डब्यात, डब्याच्या तळाला भोक म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर जाईल. लाइट गेली तरी दोन तास चालेल असा इन्व्हर्टर मिळालाय पण त्याचा स्वतःचाच आवाज १८ किलोहर्ट्झच्या आसपास येतो, त्यामुळे तो खोलीपासून लांब ठेवून डीसी केबल ओढायची, अंतर किती पाहिजे ते उद्या मोजणार. मार्चपासूनच्या सगळ्या फाइल्स दोन हार्डडिस्कवर, एक लॅबमध्ये एक सरांच्या घरी. जुलैत नवीन बॅच येईल, त्यातल्या दोघांना रोज सकाळी वेळ तपासणं, रिमार्क लिहिणं आणि गोजशी जुळवणं शिकवायचंय. १० मे आणि २७ मेच्या सुस्तीचा हिशोब ताई लिहितेय, पहिला मसुदा महिनाअखेर.